एन्रिको पिएरानुन्त्सी: काही महिने सतत ऐकल्यावर

बिल इव्हान्स हे अमेरिकेचे नामवंत जॅझ पियानोवादक. ‘इटलीचे बिल इव्हान्स’ अशी ओळख वाचून बरेच जण या जॅझ पियानोवादकाकडे वळतात. चार-सहा महिने मन लावून ऐका, ती ओळख आपोआप गळून पडते. माझ्या बाबतीत तरी तसंच झालं, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

सुरुवात ‘सायलेन्स’ या अल्बमपासून करा. नोव्हेंबर १९८७, रोम. ट्रम्पेटवर चेट बेकर, बासवर चार्ली हेडन, ड्रम्सवर बिली हिगिन्स. सहाच महिन्यांनी ॲमस्टरडॅमला बेकरचा मृत्यू झाला. त्याचे सूर सुटेसुटे, मध्ये लांब जागा सोडत येतात. दुसरा कुणी असता तर त्या जागा भरायला धावला असता. पिएरानुन्त्सी एखादा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, हलकेच ठेवतात आणि हात काढून घेतात. आपल्याकडे चांगल्या साथीदाराचं जे कौतुक होतं, तेच इथे करावंसं वाटतं. १९७९-८० मध्ये या दोघांनी ‘सॉफ्ट जर्नी’ हा अल्बम केला होता, त्यामुळे हा भरवसा एका दिवसाचा नाही.

आता इव्हान्सबद्दल. संबंध आहेच, आणि तो जवळचा आहे. इव्हान्सवर त्यांनी स्वतः पुस्तक लिहिलंय. जुलै २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबात ते वाजवायला बसले तेव्हा ड्रम्सवर होते पॉल मोशन, म्हणजे १९६१ साली त्याच क्लबात इव्हान्सबरोबर वाजवलेले. बासवर मार्क जॉन्सन, इव्हान्सच्या अखेरच्या त्रिकुटातला. एवढं ओझं डोक्यावर असताना एखादा श्रद्धांजलीच वाहत बसला असता. हे मात्र मोकळे वाजवतात. हल्ला करावा तसं वाजवतात, मध्येच लय मोडून टाकतात. मोशनही ठेका नुसता मोजत नाही, त्याला बाजूने डिवचतो. तिथलं हे ध्वनिमुद्रण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, बास नाहीसा होतो. साधे हेडफोन असले तरी पुरे.

ही मोकळीक येते कुठून, ते अठराव्या शतकातल्या स्कार्लाती या इटालियन संगीतकाराच्या रचनांच्या त्यांच्या २००८ च्या ध्वनिमुद्रणात कळतं. पिएरानुन्त्सींचा जन्म रोमचा, १९४९ चा. वडील गिटारवादक. पुढे स्वतः शास्त्रीय पियानो शिकवला. त्यामुळे डोमेनिको स्कार्लातीचा सोनाटा, म्हणजे एकट्या वाद्यासाठीची रचना, ते जसाच्या तसा वाजवतात, त्यालाच जोडून स्वतःची उत्स्फूर्त रचना उभी करतात. काही ठिकाणी स्कार्लाती कुठे संपला हे मला अजून नेमकं पकडता येत नाही, आणि म्हणूनच ते परत लावावंसं वाटतं.

सत्तरच्या दशकात एन्यो मोरिकोनेच्या चित्रपटसंगीतात त्यांनी स्टुडिओत वाजवलं होतं. २००१ मध्ये जॉन्सन आणि जोई बॅरन यांना घेऊन त्याच मोरिकोनेच्या चाली त्यांनी त्रिकुटासाठी मांडल्या. जॅझची सवय नसलेल्या घरातल्या माणसांना हेच ऐकवा. चाल ओळखता येते, मग पुढचं सोपं जातं.

उणं? ध्वनिमुद्रणं खूपच आहेत. मध्यम लयीतली त्रिकुटं लागोपाठ तीन-चार ऐकली की एकमेकांत मिसळायला लागतात. म्हणून मी एका बैठकीत एकच लावते. हेडन आणि मोशनबरोबरचं ‘स्पेशल एन्काउंटर’ रात्री, व्हॅनगार्डचं सकाळी.