डंकलिऑस्टियस की एन्टेलोग्नॅथस?

भाचीला जबड्याच्या उत्क्रांतीवर प्रोजेक्ट करायचंय आणि या दोन चिलखती (अंगावर हाडांचं कवच असलेल्या, कधीच नामशेष झालेल्या) माशांत अडकलीये. वयाने एन्टेलोग्नॅथस मोठा, चीनच्या युनानमधला, जवळपास ४२ कोटी वर्षं जुना, अमेरिकेतल्या ओहायोचा डंकलिऑस्टियस साधारण ३६ कोटींचा. आकारात डंकलिऑस्टियसच, पण पूर्वीचा ८-९ मीटरचा अंदाज वगैरे सोडा, २०२३ च्या अभ्यासात ४ मीटरच्या आसपासच भरला. खरा फरक जबड्यात. डंकलिऑस्टियसला दातांऐवजी हाडाच्या पात्या, त्या एकमेकींवर घासूनच धार लागायची. एन्टेलोग्नॅथस जेमतेम वीतभर, पण वरच्या-खालच्या जबड्याच्या कडेची हाडं थेट आपल्यासारखी, २०१३ ला हे समोर आलं, काय भारी शोध आहे हा! चावा कसा चालायचा ते दाखवायचं तर डंकलिऑस्टियस घे, आपला जबडा कुठून आला ते सांगायचं तर डोळे झाकून एन्टेलोग्नॅथस.