काळ्या रंगावरची राखाडी झाक आणि मेग्वायर्स एम२०५

गाडी धुऊन सावलीत उभी केली की माझी सहा वर्षांची काळी सेडान शोरूममधून नुकतीच आणल्यासारखी दिसत असे. रात्री पेट्रोल पंपाच्या छताखाली, पांढऱ्या एलईडी दिव्यांच्या उजेडात ती उभी राहिली की मात्र बॉनेटवर प्रत्येक दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे उमटत आणि त्या वर्तुळांच्या मधल्या जागेत, आरशावर श्वास सोडल्यावर दिसते तशी राखाडी झाक पसरलेली असे. या दोन्ही दोषांवर उपाय म्हणून मी मेग्वायर्स कंपनीचे एम२०५ अल्ट्रा फिनिशिंग पॉलिश वापरले. त्याचा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला, कारण गाडीच्या रंगाविषयी आपल्याकडे ‘रबिंग मारून घ्या’, म्हणजे यंत्राने रंग घासून घ्या, यापलीकडे सहसा सल्ला मिळत नाही आणि माझ्या गाडीचे अर्धे नुकसान त्याच सल्ल्याने झाले होते.

वर्तुळे आणि झाक हे दोष एकत्र दिसत असले तरी त्यांचा उगम वेगवेगळा आहे. आजच्या बहुतेक गाड्यांवर रंगद्रव्य असलेल्या बेस कोटच्या वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही कमी असते. कोरड्या फडक्याने धूळ पुसली की त्या धुळीतले कण या थरावर असंख्य रेघा ओढतात. या रेघा खरे तर वाटेल त्या दिशेने गेलेल्या असतात, पण त्यांपैकी दिव्याकडून येणाऱ्या प्रकाशाला आडव्या पडलेल्या रेघाच चमकतात आणि म्हणून दिव्याभोवती वर्तुळ असल्याचा भास होतो. दिवा हलवला की ते वर्तुळही सोबत हलते. स्वर्ल मार्क म्हणतात ते हेच. झाक मात्र बहुधा उपायातूनच जन्माला येते. कडक कंपाउंड (रंग घासून कापणारे जाडसर कणांचे मिश्रण) लोकरीच्या पॅडवर घेऊन रोटरी, म्हणजे नुसत्या गोल फिरणाऱ्या, यंत्राने रंग घासला की खोल रेघा जातात, परंतु त्यांच्या जागी त्याहून कितीतरी बारीक, सुट्या सुट्या न दिसणाऱ्या ओरखड्यांचा दाट थर उरतो. तो प्रकाश विखुरतो आणि काळा रंग राखाडी वाटू लागतो. रोटरीचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरत असल्यामुळे उन्हात हेच ओरखडे अंगावर सरकत जाणाऱ्या लांबट पट्ट्यांसारखे दिसतात. डिटेलिंगवाले, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणारे, त्यांना होलोग्राम म्हणतात.

माझ्या गाडीवर ही झाक आली ती दीड वर्षापूर्वी एका गॅरेजमध्ये करून घेतलेल्या रबिंग-पॉलिशनंतर. गाडी ताब्यात घेताना ट्यूबलाइटच्या उजेडात ती लखलखत होती. तीन-चार वेळा धुतल्यावर लक्षात आले की शेवटी लावलेल्या तेलकट पॉलिशने ओरखडे फक्त बुजवले होते, काढलेले नव्हते. तिथल्या कारागिरांनी हे जाणूनबुजून केले असे मला वाटत नाही. कंपाउंडनंतर फिनिशिंगची वेगळी पायरी असते, हेच त्यांना कुणी शिकवलेले नसावे. पण त्या कामात क्लिअर कोटचे जे मायक्रॉन गेले ते आता कोणत्याही उपायाने परत येणार नाहीत, याचे मला मनापासून दुःख आहे.

एम२०५ नेमके त्या राहून गेलेल्या पायरीसाठी बनवलेले आहे. १९०१ मध्ये अमेरिकेत फर्निचर पॉलिशपासून सुरू झालेली मेग्वायर्स २००८ पासून थ्रीएम या अमेरिकी कंपनीच्या मालकीची आहे, आणि तिच्या व्यावसायिक वर्गातल्या मालात एम१०५ हे जोरकस कापणारे कंपाउंड व एम२०५ हे त्यानंतरचे पॉलिश अशी जोडी गेली अनेक वर्षे प्रसिद्ध आहे. जुन्या पद्धतीच्या कंपाउंडमधले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात. काम अर्धवट सोडले तर ते जाडेच राहतात आणि मागे झाक ठेवतात. एम२०५ मधले कण मुळातच अतिशय सूक्ष्म आणि एकसारख्या आकाराचे असतात, व ते फुटून लहान व्हावेत अशी अपेक्षाच नसते. कंपनी या तंत्राला सुपर मायक्रो अब्रेसिव्ह टेक्नॉलॉजी म्हणते. नाव जाहिरातीचे वाटले तरी वापरताना त्याचा अर्थ हाताला कळतो. किती वेळ घासले यापेक्षा कोणत्या पॅडवर, किती दाबाने आणि किती वेगाने घासले यावर परिणाम ठरतो. त्यामुळे तीच एक बाटली मध्यम पॅडवर हलके स्वर्ल काढते आणि मऊ पॅडवर केवळ झाक पुसून चकाकी आणते.

यंत्र म्हणून मी १५ मिलिमीटर फेऱ्याचे ड्युअल ॲक्शन पॉलिशर घेतले. त्याचे पॅड फिरतानाच अक्षापासून थोडे सरकून गोल डोलत असल्यामुळे एका जागी उष्णता साचत नाही आणि होलोग्राम उमटण्याचा धोका रोटरीपेक्षा पुष्कळ कमी असतो. नवख्या माणसाने रोटरी हातात धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एम२०५ दोन्ही यंत्रांवर चालते.

पॉलिशच्या आधीच्या तयारीत माझा जवळजवळ एक पूर्ण दिवस गेला आणि तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही. दोन बादल्यांनी (एक साबणाची, एक फडके खळबळण्याची) गाडी धुतली, लोहकण विरघळवणारे द्रावण फवारले (ते ब्रेकच्या धुळीला लागून जांभळे होते, म्हणजे कण कुठे रुतले आहेत हे दिसतेच), मग क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारी चिकणमातीसारखी वडी) फिरवून पृष्ठभाग हाताला काचेसारखा लागेपर्यंत साफ केला. त्यानंतर जाडी मोजण्याचे मापक लावले. बहुतेक पत्र्यांवर एकूण जाडी ११० ते १२५ मायक्रॉन भरली. चालकाच्या बाजूच्या मागच्या दारावर मात्र आकडा २४० च्या आसपास आला, म्हणजे ते दार कधीतरी पुन्हा रंगवलेले आहे. हे मापक सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवते, त्यात क्लिअर कोट किती हे सांगत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर तर साधे मापक चालतच नाही. म्हणून कडा, उंचवटे आणि बंपर यांवर हात हलकाच ठेवला. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर आणि रबरांवर मास्किंग टेप लावली, कारण तिथे वाळलेले पॉलिश पांढरे डाग सोडते आणि ते काढताना जीव मेटाकुटीला येतो.

बॉनेटवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन टेपने आखून आधी चाचणी घेतली. नियम असा की सर्वांत सौम्य उपायापासून सुरुवात करावी आणि तो कमी पडला तरच पुढच्यावर जावे. मऊ फिनिशिंग पॅडवर एम२०५ चे चार वाटाण्याएवढे थेंब घेतले, यंत्र मध्यम वेगावर ठेवून आधी उभे, मग आडवे असे सावकाश हात फिरवले. झाक पहिल्याच खेपेला गेली. रंग खोल, ओला दिसू लागला आणि माझ्या अंगावर अक्षरशः रोमांच उभे राहिले. पण स्वर्ल जवळपास अर्धे तसेच होते. त्याच चौकोनाच्या शेजारी मध्यम पॉलिशिंग पॅडवर तेच पॉलिश घेतले तेव्हा दहांपैकी आठ रेघा गेल्या. माझ्या गाडीचा क्लिअर कोट बऱ्यापैकी मऊ असल्यामुळे हे शक्य झाले. अशा मऊ काळ्या रंगावर रेघा लवकर पडतात आणि लवकर निघतातही. उरलेल्या दोन रेघा काढण्यासाठी संपूर्ण गाडीवर एम१०५ फिरवण्याचा मोह झाला होता, पण पंपावरच्या दिव्याखालीसुद्धा शोधाव्या लागतील अशा रेघांसाठी आणखी क्लिअर कोट खर्च करणे मला पटले नाही. फक्त डिकीवर आणि दारांच्या मुठींखाली, जिथे अंगठ्या आणि नखांचे ओरखडे दाट होते, तिथे आधी एम१०५ आणि मग एम२०५ असा क्रम ठेवला.

या पॉलिशचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे ते लवकर वाळत नाही. पुण्यात नोव्हेंबरच्या अखेरीस, सकाळी साडेसात ते अकरा या वेळात, पत्रा हाताला गार लागत असतानाच मी काम केले. एका चौकोनावर पाच-सहा हात सावकाश फिरवूनही पॉलिशचा पातळ ओलसर थर शेवटपर्यंत टिकला, धूळ उडाली नाही, आणि पुसताना मायक्रोफायबर फडके विनासायास सरकले. एम१०५ त्या मानाने फारच लवकर कोरडे होते आणि त्याची पांढरी भुकटी फटींमध्ये जाऊन बसते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर मात्र कोणतेही पॉलिश वापरू नये. एप्रिल-मे मध्ये छपराखालीसुद्धा पहाटेचीच वेळ धरावी.

शेवटच्या खेपेची पद्धत मी चार पत्रे बिघडवल्यानंतर शिकलो. झाक बहुतेक वेळा पॉलिशमुळे नव्हे तर माखलेल्या पॅडमुळे राहते. घासून निघालेला क्लिअर कोट आणि वापरलेले पॉलिश पॅडमध्ये साचून त्याचा गाळ होतो आणि तो गाळच नवे ओरखडे काढू लागतो. एक पॅड घेऊन सगळी गाडी करायला निघालेल्या माणसाला हे पॉलिश वाईट वाटेल, यात शंका नाही. मी पाच पॅड फिरवून वापरले, प्रत्येक चौकोनानंतर ब्रशने साफ केले आणि शेवटचे दोन हात वेग कमी करून, यंत्राच्या स्वतःच्या वजनाखेरीज काहीही दाब न देता फिरवले. तेवढ्या बदलाने आधी धुरकट राहिलेला फेंडर स्वच्छ झाला.

आता मर्यादा. एम२०५ मध्ये वंगणासाठीची तेले बरीच आहेत आणि ती बारीक रेघांत बसून त्या तात्पुरत्या लपवू शकतात. ज्या फसवणुकीने मी गॅरेजमधून परतलो होतो, तिचीच सौम्य आवृत्ती स्वतःच्या हाताने करून बसण्याचा धोका यात आहे. म्हणून प्रत्येक पत्रा झाल्यावर पाण्यात मिसळलेले १० ते १५ टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल सढळ हाताने फवारून पुसावे आणि मगच उजेडात पाहावे. डाव्या पुढच्या दारावर असे पुसल्यानंतर फिकट रेघा पुन्हा वर आल्या आणि ते दार मला दुसऱ्यांदा करावे लागले. अल्कोहोल कमी फवारून कोरडे घासले तर मऊ काळ्या रंगावर त्या पुसण्यानेच नव्या रेघा पडतात, हेही ध्यानात ठेवावे. तसेच नख फिरवल्यावर अडकेल असा ओरखडा या पॉलिशने जाणार नाही. तो क्लिअर कोटच्या तळापर्यंत गेलेला असू शकतो आणि त्याच्या मागे लागणे म्हणजे रंग गमावणे. बोअरच्या पाण्याचे डाग माझ्या छतावर होते. वरवरचे गेले, रंगात खोल उतरलेले तसेच राहिले. कठीण क्लिअर कोट असलेल्या गाड्यांवर केवळ या एका बाटलीने स्वर्ल जातील अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे आधी कापणारे कंपाउंड लागणारच आणि याचे काम त्यानंतरची झाक काढण्यापुरते राहील.

पुन्हा रंगवलेल्या त्या मागच्या दाराचा अनुभव वेगळा होता. तिथला क्लिअर कोट बाकीच्या गाडीपेक्षा मऊ निघाला, मध्यम पॅडने उलट धुरकट झाला आणि फिनिशिंग पॅडवरच नीट आला. एम२०५ मध्ये सिलिकॉन नसल्यामुळे ते डेंटिंग-पेंटिंगच्या कामातही चालते, हा त्याचा मोठा फायदा आहे. सिलिकॉनचा अंश उडाला तर शेजारी नव्याने फवारलेल्या रंगात खळगे पडतात. मात्र ते संरक्षण काहीच देत नाही. पॉलिशनंतर वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग यांपैकी काहीतरी लावावेच लागते. मी साधे सीलंट, म्हणजे रंगावर बसणारा कृत्रिम संरक्षक थर, लावले.

संपूर्ण गाडीला तयारीचा दिवस वगळता तीन सकाळी लागल्या आणि एम२०५ जेमतेम १०० मिलिलिटर संपले. २३७ मिलिलिटरची लहान बाटली एका गाडीच्या मालकाला दोन वेळा सहज पुरावी. ९४६ मिलिलिटरची मोठी बाटली डिटेलिंगचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी आहे. पॉलिश घेण्याआधी प्रत्येक वेळी बाटली जोरात हलवावी, कारण कण तळाशी बसतात. काळी, गडद निळी किंवा मरून गाडी असलेल्या आणि यंत्र स्वतः धरण्याची तयारी असलेल्या माणसाने हे पॉलिश जरूर घ्यावे, अशी माझी शिफारस आहे. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवर याचा फरक इतका सूक्ष्म दिसतो की तेवढ्या श्रमांपेक्षा चांगले धुणे आणि वॅक्स पुरेसे ठरेल.

कामानंतर जाडी पुन्हा मोजली तेव्हा आकडे एक-दोन मायक्रॉनच्या पलीकडे हलले नव्हते, आणि माझ्या मापकाची अचूकताही तेवढीच आहे. आमच्या सोसायटीत रोज पहाटे गाड्या पुसणाऱ्या दादांशी त्याच संध्याकाळी बोललो. एका बादलीत वीस गाड्या पुसायच्या असताना त्यांच्या फडक्यात धूळ येणार नाही तर काय होईल, त्यात त्यांचा दोष नाही. महिन्याचे पैसे तेवढेच ठेवून त्यांनी आता फक्त काचा आणि चाके पुसायची, पत्र्याला फडके लावायचे नाही, असे आमचे ठरले. त्यांनी बॉनेटमध्ये पार्किंगच्या दिव्याचे प्रतिबिंब वाकून पाहिले आणि स्वतःहून विचारले, ‘साहेब, हिला पुसायचं नाही म्हणता, मग दिवाळीत हार कुठं घालायचा?’ आरशाला घालू, असे मी सांगितले.