पिवळ्या रंगाखालचे शॉकअप

सस्पेन्शनच्या, म्हणजे गाडीचे दणके सोसणाऱ्या स्प्रिंग आणि शॉकअपच्या (शॉक अब्सॉर्बरच्या) धंद्यात फसवणाऱ्याला एक सोय आहे, ती दुसऱ्या कुठल्या दुकानदाराला नाही. माल बोगस निघाला तर गाडी दणके देते, आणि दणके देणारी गाडी म्हणजे स्पोर्टी गाडी हे गिऱ्हाइकाच्या डोक्यात आधीच बसलेलं असतं. नकली मोबाइल बंद पडतो, मग निदान भांडता तरी येतं. गाडी खाली बसवायला कापलेली स्प्रिंग बंद पडत नाही. ती कडक लागते, आणि तो कडकपणाच ती ओरिजिनल असल्याचा पुरावा म्हणून तुमच्यापुढे ठेवला जातो. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं.

गाडी 2018 ची पेट्रोल स्विफ्ट. पुणे-सातारा जाणं-येणं नेहमीचं. सत्तर हजार किलोमीटरच्या पुढे गेल्यावर ती तरंगायला लागली. साताऱ्याहून येताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतारावर जे एस वळण लागतं, तिथे मागचं बूड उगाच हलल्यासारखं वाटायचं. रस्त्याला उंचवटा आला की गाडी एकदा वर, एकदा खाली, परत एकदा वर. हे शॉकअप संपल्याचं लक्षण आहे. मला गाडी खाली बसवायची नव्हती, शर्यती खेळायच्या नव्हत्या. चार माणसं आणि डिकीत सामान घेऊन घाटातून नीट यायचं होतं, एवढंच.

हायवेला लागून असलेल्या एका दुकानात गेलो. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. बाहेर जमिनीला टेकलेल्या दोन गाड्या, आत भिंतभर परदेशी कंपन्यांचे स्टिकर. मालक बोलायला गोड. "सर, कंपनीचेच शॉकअप परत टाकलेत तर परत सत्तर हजारांत हेच होणार. एकदाच जर्मन किट टाका, गाडी विकेपर्यंत बघायला नको." किट म्हणजे चार शॉकअप आणि चार स्प्रिंग, गाडी चाळीस मिलिमीटर खाली. मी म्हटलं, या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्सच 163 मिलिमीटर आहे, त्यातले चाळीस गेले तर उरलं काय? त्यावर तो हसला. "सर, घासते ती मऊ गाडी. ही स्प्रिंग दबणारच नाही, मग घासणार कशी?"

या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते खपतं. ताठ स्प्रिंग कमी दबते, हे खरं. पण खरी लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणारी) बनवताना तार, वेढे, व्यास सगळं त्या गाडीच्या वजनाचा हिशेब करून ठरवलेलं असतं. तारेची जाडी 12 वरून 13 मिलिमीटर केली की स्प्रिंग सुमारे 38 टक्क्यांनी ताठ होते, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. आणि कापलेली स्प्रिंग? सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला की ती वीस टक्केच ताठ होते, उंची मात्र चांगलीच जाते. म्हणजे शॉकअपला दबायला जागा कमी, आणि ती जागा वाचवण्याइतका ताठपणाही नाही. मग प्रत्येक खड्ड्यात शॉकअपचा दांडा आतल्या बंप स्टॉपच्या रबरावर जाऊन आपटतो. ते आपटणं म्हणजेच तो 'स्पोर्टी फील'. मला जो कडकपणा जर्मन म्हणून विकला गेला, तो स्प्रिंगचा नव्हताच, रबराचा होता.

साठ हजार सांगून अठ्ठेचाळीसला सौदा ठरला. खोका दाखवला: कंपनीचा, होलोग्राम लावलेला, जड. खोका खरा होता असं आजही माझं मत आहे. रिकामे खोके विकले जातात हे मला नंतर एका स्पेअर पार्टवाल्याने सांगितलं. सोबत एक जर्मन कागद, शिक्के वगैरे असलेला, आणि "हे बघा सर, आरटीओ अप्रूव्ह्ड." आता, आरटीओ स्प्रिंगच्या ब्रँडला मान्यता देत नसतं. चाचणी करून प्रमाणपत्र देण्याचं काम पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थांचं. जर्मनीत मात्र असा कागद खरंच असतो: स्प्रिंगबरोबर एक तपासणी अहवाल येतो आणि ती कुठल्या मॉडेलला, एक्सलवर किती वजनापर्यंत चालते ते त्यात छापलेलं असतं. पुण्यात जर्मन शिकणारी मुलं गल्लोगल्ली आहेत. माझी भाची मॅक्समुल्लर भवनात जाते. तिने कागद वाचून विचारलं, "मामा, तुझी गाडी पोलो आहे का?" कागद फोक्सवागन पोलोचा होता, तोही झेरॉक्सची झेरॉक्स. पण भाचीची भेट झाली ती किट बसल्यानंतर.

पैसे निम्मे आधी, निम्मे नंतर, दोन्ही वेळा एका व्यक्तीच्या नावाच्या यूपीआयवर. पक्कं बिल मागितलं तर "सर, सीए सुट्टीवर आहे, व्हॉट्सॲप करतो." हातात आलं ते एस्टिमेट. त्यावर 'सस्पेन्शन किट इंपोर्टेड, 1 सेट' एवढंच. पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. अलाइनमेंटची पावतीही मिळाली, तिच्यावर गाडीच्या नंबराची जागा कोरी.

पहिल्या दिवसापासून गाडी बैलगाडीसारखी. फोन केला. "सर, सेट व्हायला हजार किलोमीटर जातात." हजार झाले. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून टंग असा आवाज. "सर, स्पोर्ट सस्पेन्शन आहे, थोडा आवाज राहणारच. बीएमडब्ल्यूवाल्यांना पण येतो." सोसायटीच्या गतिरोधकावर गाडी खालून घासायला लागली. "सर, गतिरोधक चुकीचा आहे." गंमत अशी की हे मात्र खरं होतं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांत गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच सांगितलाय, इतका पसरट की त्यावरून लो केलेली स्विफ्टसुद्धा निवांत जाईल. पण तसा गतिरोधक आमच्या भागात मला अजून दिसायचाय. सोसायटीने स्वतः घातलेल्या सिमेंटच्या वरवंट्यावरूनच रोज जायचं असतं, आणि गाडी त्याच्यासाठी निवडायची असते.

मग पुढच्या टायरांची आतली कड खायला सुरुवात झाली. बाहेरून बघितलं तर टायर नवा, हात आत घातला तर तारा लागायच्या बेतात. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. गाडी खाली आली की चाकाचा कॅम्बर (उभा कल) आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असणं) दोन्ही बदलतात. टो टायरॉडवर (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर) जुळवता येतो, त्यासाठी अलाइनमेंट खरंच करावी लागते. तो सेट न करता गाडी दिली की टायर असाच जातो. दुकानाचं उत्तर: "टायर सॉफ्ट कंपाउंडचा आहे सर, आमच्याकडे चांगले टायर आहेत." इथे मात्र मी फोन ठेवला आणि गाडी आमच्या भागातल्या एका जुन्या मेस्त्रींकडे नेली.

मेस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली, मागची चाकं लोंबकळू दिली आणि मागच्या स्प्रिंगला हात घालून ती गरकन फिरवली. स्प्रिंग आपल्या बैठकीत मोकळी फिरत होती. चाक पूर्ण खाली लोंबलं तरी खऱ्या स्प्रिंगवर थोडा दाब उरलेला असतो, ती हाताने फिरत नाही. मोकळी फिरणारी स्प्रिंग मोठ्या खड्ड्यात, चाक हवेत गेलं की, जागेवरून सरकू शकते. हे पाहायला कुठलंही यंत्र लागत नाही, जॅक आणि टॉर्च पुरे. टोकाला ग्राइंडरचा काप स्पष्ट होता, कारखान्यातून आलेल्या टोकाचा आकार असा नसतो. वरचा लाल रंग नखाने सुटला आणि खाली काळा रंग निघाला.

शॉकअप काढून टेबलावर ठेवले. खोक्यावर 'मोनोट्यूब, गॅस' असं होतं, म्हणजे एकाच नळीचा, आत दाबाखाली गॅस भरलेला शॉकअप. गॅसवाल्या शॉकअपचा दांडा दाबून सोडला की हळूहळू का होईना, आपला आपण बाहेर येतो. मोनोट्यूबमध्ये तर नायट्रोजनचा दाब इतका असतो की दांडा दाबायलाच जोर लागतो. इथे चारही दांडे आत गेले ते आतच राहिले. वर ओढताना सुरुवातीचा थोडा भाग अगदी रिकामा लागायचा, म्हणजे आत हवा. पिवळा रंग खरवडल्यावर नळकांड्याच्या खालच्या बाजूला वेल्डिंगचा वाटाण्याएवढा टिपका दिसला. मेस्त्री म्हणाले, "भोक पाडून जुनं तेल काढायचं, नवीन भरायचं, भोक बंद करायचं, रंग मारायचा. आमच्या उमेदवारीत ट्रकच्या शॉकअपला करायचे हे." आणि ज्या दोन भोकांतून स्ट्रट चाकाच्या नकलला (चाक धरणाऱ्या भागाला) बोल्टने बसतो, ती भोकं झिजून लांबट झालेली. नव्या मालाला हे होणं शक्य नाही. ब्रेकच्या पाइपची क्लिप बसायची पट्टीसुद्धा जशीच्या तशी मारुतीची. म्हणजे मला जे जर्मन म्हणून बसवलं होतं, ते दुसऱ्या कोणाच्या तरी स्विफ्टखालून निघालेलं होतं.

खरं किट वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. उलट, खऱ्या कंपन्या कशासाठी काय हे इतकं सरळ लिहितात की दुकानदाराच्या बोलण्यावर जायची वेळच येऊ नये. बिलस्टाइन या जर्मन कंपनीचा बी-6 हा मूळ उंचीच्या गाडीसाठी, बी-8 हा आखूड दांड्याचा, लो केलेल्या गाडीसाठी. बी-12 म्हणजे बी-8 आणि आयबाख कंपनीच्या स्प्रिंग एकत्र. केवायबी कंपनीचा एक्सेल-जी ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा) आहे, गॅस-अ-जस्ट मोनोट्यूब. पार्ट नंबर घ्यायचा आणि कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आपली गाडी, आपलं साल त्या नंबरापुढे आहे का ते दुकानात उभं राहूनच बघायचं. जो विक्रेता नंबर सांगायला कां-कू करतो त्याच्याकडे पुढचं काही विचारायची गरज नाही. आणि रोजच्या गाडीला स्प्रिंग बदलायची गरज मुळात किती जणांना असते? तरंगणं शॉकअप थांबवतो, स्प्रिंग नाही. माझ्या गाडीत शेवटी कंपनीचे नवे शॉकअप, नव्या मूळ स्प्रिंग, स्ट्रट माउंट, लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड बदलले, टायर बदलले, समोर उभं राहून अलाइनमेंट करून घेतली. एस वळणावर आता गाडी एका रेषेत येते.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ नोंदींशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा दोन्ही आहे. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. मी पैसे परत मागितले तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "तक्रार कराल तर तुमच्याच गाडीवर केस होईल." ही धमकी ऐकून बरेच जण गप्प बसत असणार. पण जुना माल नवा म्हणून विकणं, बिल न देणं या दोन्ही गोष्टी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये अनुचित व्यापार प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत, आणि माझी गाडी खालून काय आहे याने त्या बदलत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ऑनलाइनही करता येते, मुदत दोन वर्षं. मी केली आहे. काढलेला माल पुसला नाही, विकला नाही, मेस्त्रींच्या लेखी निरीक्षणासकट आणि फोटोंसकट पोत्यात बांधून ठेवलाय, कारण आयोगाला वाटलं तर तो प्रयोगशाळेत पाठवता येतो. एस्टिमेट, यूपीआयची नोंद आणि 'सेट व्हायला हजार किलोमीटर'वाले व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज, हेच माझं बिल. नोटीस गेल्यावर दुकानाने वीस हजार परत देतो, माल आणून द्या, असं कळवलं. पैशांपेक्षा माल परत हवाय, हे वाचून मी नाही म्हटलं.

आणि एक. किट बसवलं त्या दिवशी मी माझे जुने शॉकअप आणि स्प्रिंग मागितल्या होत्या. "सर, भंगारवाला आत्ताच घेऊन गेला," असं सांगितलं. तुम्ही गाडी कुठेही सोडा, जुने पार्ट गाडीच्या मालकाला परत द्यायचे असं जॉब कार्डवर आधीच लिहून घ्या आणि निघताना डिकीत मोजून टाका. या धंद्याचा कच्चा माल तिथूनच येतो. त्या भागात कोणी अलीकडे स्विफ्टला पिवळे शॉकअप बसवून घेतले असतील, तर खालच्या बाजूचा रंग जरा खरवडून वेल्डिंगचा टिपका आहे का बघा. असला तर कळवा, तक्रारीला जोडता येईल.