घासलेली 11 ची गोटी आणि माझे 90,350 रुपये

मी 19 वर्षे चारचाकी गाड्या दुरुस्त करतो आहे आणि हातात घेतलेला पाना चांगला की वाईट हे वजनावरून सांगू शकतो, असा माझा समज होता. त्या समजाचे पुढे काय झाले ते लिहिताना मला लाज वाटते. तरीही लिहितो, कारण ज्याने मला फसवले तो माझ्यासारख्याच, हत्यारांवर जीव असणाऱ्या माणसांना शोधतो आहे. ज्याला हत्यारांचे काही देणेघेणे नाही, तो या जाळ्यात सापडणारच नाही.

जाहिरात होती निवृत्तीनंतर वारलेल्या एका फोरमनच्या संग्रहाची. पाच खणांची लोखंडी पेटी, 6 पासून 32 मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने आणि फिक्स पाने, अर्धा इंची आणि पाव इंची रॅचेटचे गोट्यांसह (म्हणजे नटावर बसणाऱ्या सॉकेटसह) पूर्ण संच, पकडी, पुलर आणि एक टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच बोल्ट आवळायचा पाना, असा तो माल होता. सगळा माल जर्मन आणि तोही रेमशाइडचा, असे जाहिरातीत लिहिले होते. या व्यवसायातील माणसाला रेमशाइड म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. हाझेट 1868 पासून आणि गेडोरे 1919 पासून, असे हत्यारांचे दोन नामांकित कारखाने ज्या गावाशी जोडलेले आहेत, त्या गावाचे नाव ठोकलेला पाना आपल्या पेटीत असावा असे कोणत्या मेकॅनिकला वाटत नाही? असा संच नवा घ्यायचा तर आमच्यासारख्याची काही वर्षांची बचत जाते. मागितलेली किंमत होती 86,500 रुपये. मी हावरटपणा केला असे जे आता म्हणतात त्यांना एवढेच सांगतो की ही किंमत संशय यावा इतकी कमी नव्हती. वापरलेल्या, खणखणीत मालाला शोभेल अशीच ती होती. किंमत फार कमी ठेवली तर माणूस सावध होतो, हे विकणाऱ्यालाही ठाऊक होते.

फोनवर बोलणारा स्वतःला त्या फोरमनचा मुलगा म्हणवत होता. ‘वडिलांची हत्यारे भंगारात जाऊ नयेत, काम करणाऱ्या हातात जावीत, एवढीच आईची इच्छा आहे,’ असे तो म्हणाला. माझे उस्ताद वारले तेव्हा त्यांची पेटी घरच्यांनी किलोवर विकली होती आणि ती गोष्ट मला आजही बोचते. हे मी त्याला पहिल्याच फोनवर सांगून टाकले. पुढच्या प्रत्येक फोनवर त्याने माझीच ती गोष्ट मला परत ऐकवली. विकणाऱ्याला आपल्या मनातले काहीही सांगू नका, फक्त प्रश्न विचारा.

आता ज्या क्षणी मला कळायला हवे होते त्या क्षणाकडे येतो, कारण गेले कित्येक आठवडे मी रोज रात्री तिथेच जाऊन थांबतो. त्याने व्हिडिओ कॉलवर पेटी उघडून दाखवली. अर्ध्या इंचीच्या गोट्या रांगेने लावलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर सारखीच झीज होती, सारखीच मंद पडलेली झिलई होती, तोंडाशी सारखेच घासल्याचे वळ होते. एखाद्याने तीस वर्षे गाड्यांवर काम केले असेल तर त्याच्या 10, 12, 14 आणि 17 च्या गोट्या घासून पांढऱ्या पडलेल्या असतात, 10 ची तर बहुधा दोनदा हरवून तिसरी आणलेली असते आणि ती बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. 11 ची गोटी मात्र पेटीत जवळजवळ कोरीच राहते, कारण 11 चे डोके फार क्वचित भेटते आणि ब्रेकच्या निपलवर भेटलेच तर तिथे आपण गोटी नव्हे, रिंग पाना लावतो. 16 ची लांब गोटी स्पार्क प्लगला लागते, पण या रांगेतली आखूड होती आणि तीही 14 च्या गोटीइतकीच घासलेली होती. कोणत्याही माणसाच्या हाताने हत्यारे अशी झिजत नाहीत. ती एकत्र टाकून, घासून, जुनी केलेली होती.

हे मला दिसले होते. दिसले नाही असे म्हणण्याची सोय मला नाही, कारण मी त्याला विचारलेही होते, ‘अकराचीही इतकी वापरली का?’ तो म्हणाला, ‘बाबा फॅक्टरीत होते, तिथे सगळेच लागायचे.’ मी मान डोलावली. उत्तर त्याचे होते, पण ते पटवून घेण्याचे काम माझ्या मनाने केले, कारण तोपर्यंत ती पेटी माझ्या गॅरेजमध्ये कुठे ठेवायची हेसुद्धा मी ठरवून टाकले होते.

त्यानंतर त्याने गोट्यांना लोहचुंबक लावून दाखवले. लोहचुंबक कोणत्याही साध्या पोलादाला चिकटते. त्यावरून क्रोम व्हॅनेडियम, म्हणजे चांगल्या हत्यारांचे मिश्र पोलाद, सिद्ध होत नाही आणि पान्यावर तसे कोरलेले असले तरीही होत नाही. अक्षरे कोणीही कोरू शकतो.

दुसरी चूक याहून मोठी आहे. टॉर्क रेंचसोबत कॅलिब्रेशनचे, म्हणजे त्याची अचूकता तपासल्याचे, प्रमाणपत्र होते आणि त्याचा फोटो मी छापून घेऊन दोन्ही सहकाऱ्यांना अभिमानाने दाखवला. त्यावर तारीख मार्च 2015 ची होती आणि खाली लिहिले होते की तपासणी आयएसओ 6789-2:2017 या मानकानुसार केली आहे. जे मानक 2017 साली निघाले, त्यानुसार 2015 साली तपासणी झाली कशी? कागद माझ्या हातात होता, दोन्ही आकडे एकाच पानावर होते, आणि मी वाचत बसलो होतो तो शिक्का. कागद दाखवला म्हणजे तपासून झाले, असे धरून चालू नका. तारखा एकमेकींशी ताडून पाहा, प्रमाणपत्रावरचा अनुक्रमांक रेंचवर कोरलेला आहे का ते पाहा, आणि प्रयोगशाळेला स्वतः फोन करा. त्यांचा नंबर मात्र प्रमाणपत्रावरून घेऊ नका.

पैसे असे गेले. 5,000 रुपये टोकन म्हणून. नंतर 41,500 रुपये आणि त्याबरोबरच पॅकिंग व भाड्याचे 3,850 रुपये. उरलेले 40,000 रुपये माल ट्रान्सपोर्टच्या गोदामात पोचल्यावर, पेटी ताब्यात घेण्याआधी. एकूण 90,350 रुपये. त्यांपैकी 60,350 माझे आणि प्रत्येकी 15,000 माझ्या दोन सहकाऱ्यांचे, ज्यांनी केवळ माझ्या शब्दावर पैसे काढून दिले. तिन्ही वेळी यूपीआयवर वेगळे नाव दिसले. पहिल्या वेळी त्याचे स्वतःचे, दुसऱ्या वेळी ‘भावाचे’, तिसऱ्या वेळी कसल्याशा ट्रेडिंगचे. पैसे पाठवताना पडद्यावर जे नाव येते ते बँकेकडचे असते. ते बोलणाऱ्या माणसाच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच हात थांबवावा. गोदामात मी पेटी उघडून बघू द्या असे म्हटले होते. आधी बिल्टी (मालाची ट्रान्सपोर्ट पावती) सोडवा, मग उघडा, असे उत्तर मिळाले. तिथून मी रिकाम्या हाताने परतायला हवे होते, पण 50,350 रुपये आधीच गेलेले असताना माणूस उरलेले 40,000 वाचवायचा विचार करत नाही, पहिले बुडू नयेत म्हणून दुसरे टाकतो.

सहाव्या दिवशी 17 चा फिक्स पाना एका सस्पेन्शनच्या नटावर उघडला. उघडला म्हणजे त्याचे जबडे अक्षरशः फाकले आणि नटाच्या कडा गोल झाल्या. मी पान्याला नव्हे, नटाला दोष दिला. दुसऱ्या दिवशी 14 च्या गोटीला उभी चीर गेली आणि चिरेच्या कडेने मुलामा पापुद्र्यासारखा सुटला. मग मी पेटी जमिनीवर ओतली आणि भिंग घेऊन बसलो. मुलामा सगळीकडे झिजलेला, पण नाव कोरलेल्या अक्षरांच्या कडा मात्र नव्यासारख्या धारदार होत्या. म्हणजे आधी झिजवले आणि नंतर कोरले. रिंग पान्यांवर डीआयएन 3110 असा जर्मन मानकाचा क्रमांक होता. तो क्रमांक दुतोंडी फिक्स पान्यांचा आहे, खोलगट रिंग पान्यांचा 838. बनवणाऱ्याने एकच ठसा सगळ्यांवर चालवला होता.

टॉर्क रेंच मी 1,180 रुपये भरून तपासून घेतला. क्लिक होणाऱ्या अशा रेंचला 10 न्यूटन मीटरच्या वर 4 टक्के कमी-जास्त चालते. हा रेंच 60 वर लावला असता 78 ला क्लिक झाला, म्हणजे 30 टक्क्यांची चूक. तोपर्यंत त्याच रेंचने मी एका ग्राहकाच्या गाडीच्या इंजिनाचे हेड बोल्ट आवळले होते. ते काम मी स्वतःहून उघडून, नवे बोल्ट आणि गॅस्केट टाकून परत केले आणि त्याचे 6,200 रुपये खिशातून भरले. पैशाचे दुःख एक वेळ सोसता येईल, पण हेड बोल्ट जास्त ताणलेली गाडी मी चांगली आहे असे सांगून रस्त्यावर सोडली होती, हे मी अजून स्वतःला माफ करू शकलेलो नाही.

आता पोलिसांविषयी. ठाण्यातील पहिला प्रश्न होता, ‘माल मिळाला ना?’ मी हो म्हणालो. ‘व्हिडिओत दाखवला तोच मिळाला ना?’ तेही खरेच होते. ‘मग फसवणूक कसली? ही दिवाणी बाब आहे.’ मी फाकलेला पाना टेबलावर ठेवला. ‘जोर जास्त लावला असेल,’ असे मला सांगण्यात आले. 19 वर्षे पाना चालवणाऱ्या माणसाला हे ऐकावे लागले. खोटे नाव कोरून, खोटे प्रमाणपत्र देऊन, खोटी कहाणी सांगून पैसे घेणे ही फसवणूक नसेल तर भारतीय न्याय संहितेचे कलम 318 कशासाठी लिहिले आहे? दुसऱ्या खेपेला सांगितले की विकणारा आमच्या हद्दीतला नाही, तिकडे जाऊन तक्रार द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी कागदावर लिहून नेले होते. तो कागद बाजूला सरकवून साहेब बंदोबस्तावर आहेत, सोमवारी या, असे सांगितले गेले. तीन सोमवार मी गॅरेज बंद ठेवून गेलो. चौथ्या वेळी अर्ज घेतला, पण गुन्हा म्हणून नव्हे, केवळ अर्ज म्हणून, आणि पोच मागितली तर माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच काही लबाडी करतो आहे.

बँकेचे उत्तर एका वाक्याचे होते, की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केला आहे. रिझर्व्ह बँकेचे 2017 चे परिपत्रक अनधिकृत व्यवहारांपुरतेच आहे, हे मला मान्य आहे. पण एकाच आठवड्यात अनेक अनोळखी लोकांकडून पैसे घेऊन रिकामे होणारे खाते बँकेला दिसत नाही, हे मला मान्य नाही. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर मी फोन केला तेव्हा शेवटचे पैसे देऊन आठ दिवस झाले होते आणि ट्रेडिंगच्या नावाच्या त्या खात्यात उरलेले 2,140 रुपये तेवढे गोठवले गेले. ते 2,140 सुद्धा न्यायालयाच्या आदेशाशिवाय मिळणार नाहीत, असे तेव्हा सांगण्यात आले. शंका आली की त्याच तासाला 1930 लावा. आपण चुकलो की काय याचा विचार करण्यात मी दोन दिवस घालवले आणि तेवढ्यात खाते धुऊन निघाले.

ग्राहक आयोगाच्या कार्यालयातील लिपिकाने सांगितले की हत्यारे धंद्यासाठी घेतली म्हणून तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये स्वतःच्या श्रमाने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूतून वगळलेली आहे, आणि मेकॅनिकचा पाना दुसऱ्या कशासाठी असतो? कोणी तुम्हाला हे सांगून परत पाठवू लागला तर कलम 2(7) चे स्पष्टीकरण त्याच्यापुढे ठेवा. मी ठेवले. मग विचारण्यात आले की समोरच्याचा पत्ता काय, आणि पत्ता माझ्याकडे नव्हता. बिल्टीवर पाठवणाऱ्याचा जो पत्ता होता तिथे त्या नावाचे कोणी राहत नाही.

वापरलेली हत्यारे घ्यायचीच असतील तर समोर बसून घ्या. एक नवा बोल्ट खिशात न्या आणि गोटी त्यावर बसवून हलवून पाहा. खुळखुळली तर ठेवून द्या. सहा कोनांची गोटी कडांवर नव्हे, सपाट बाजूंवर बसते का ते बघा. आणि ज्या मापाचे काम क्वचित पडते, ते माप आधी उचलून पाहा.

सहकाऱ्यांचे 30,000 रुपये मी हप्त्याने फेडतो आहे. त्यांनी मागितले नव्हते. अर्जाची स्थिती आजही ‘चौकशी सुरू’ एवढीच आहे.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. आता विकणारी फोरमनची मुलगी आहे आणि किंमत 92,000 रुपये आहे, पण फोटो तेच आहेत. पेटी गडद निळी आहे, तिसऱ्या खणाची मूठ तुटलेली आहे आणि अर्ध्या इंचीच्या रांगेत 16 ची गोटी उलटी ठेवलेली आहे.