आधी अ‍ॅटवुड की आधी रुकय्या?

मार्गारेट अ‍ॅटवुड यांची १९८५ची ‘द हँडमेड्स टेल’ ही कादंबरी आधी वाचायला घेऊ, की रुकय्या हुसेन यांची १९०५ची ‘सुलतानाज ड्रीम’ ही गोष्ट? रंकाळ्यावर भेळ खाता खाता मैत्रिणीनं विचारलं.

रुकय्यांची गोष्ट एका बैठकीत संपते. पुरुष पडद्यात, कारभार बायकांचा, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर. आधी हसू येतं, मग बोचतं.

अ‍ॅटवुड मात्र दमवतात. एका दिवसात बायकांच्या नोकऱ्या जातात, बँकेतली खाती गोठतात. पुढं तर वाचायलाच बंदी, म्हणून दुकानांच्या पाट्यांवर नुसती चित्रं. ते वाचल्यावर महाद्वार रोडवरनं जाताना मी एकेक पाटी मोठ्यानं वाचत सुटले. भांडीवाला बघतच राहिला.

मी तर आधी अ‍ॅटवुडच म्हणेन. फक्त रात्री झोपायच्या आधी नको गं.