व्हीआर-एआर ॲपची वापरसुलभता कशी तपासावी? तीन पद्धतींची तुलना

ॲप तयार होत आले आहे, हाताशी वेळ आणि पैसा मोजकाच आहे आणि ते वापरायला कितपत सोपे आहे हे तपासायचे आहे, अशा वेळी मुख्यतः तीन पर्याय समोर येतात: तज्ज्ञांची तपासणी, प्रत्यक्ष वापरणाऱ्यांसोबत चाचणी आणि प्रमाणित प्रश्नावली. संकेतस्थळांसाठी हे तिन्ही मार्ग चांगलेच रुळलेले आहेत. मात्र आभासी वास्तवात, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने रचलेल्या जगात वावरायच्या व्हीआरमध्ये, वापरणाऱ्याचे सगळे शरीर कामाला लागते आणि संवर्धित वास्तवात, म्हणजे खऱ्या दृश्यावरच आभासी वस्तू दाखवणाऱ्या एआरमध्ये, त्याच्या भोवतालची जागाही वापराचा भाग होते. त्यामुळे जुने निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

तज्ज्ञांची तपासणी सर्वांत कमी खर्चाची आहे. त्यासाठी वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांची 1994 मधील 10 तत्त्वे सर्रास वापरली जातात, परंतु ती पडद्यावरच्या सॉफ्टवेअरसाठी आहेत. व्हीआरसाठी सटक्लिफ आणि गॉल्ट या संशोधकांनी 2004 मध्ये मांडलेले 12 निकष अधिक उपयोगी पडतात, कारण हालचाल नैसर्गिक वाटते का, डोके वळवल्यावर दृश्य त्याच क्षणी बदलते का, आभासी जगात शिरण्याची आणि त्यातून बाहेर पडण्याची वाट स्पष्ट आहे का, हे त्यांत विचारलेले आहे. या पद्धतीची खरी उणीव मात्र वेगळीच आहे. तज्ज्ञाला हेडसेटची सवय असते. नवख्या माणसाच्या पोटात जेथे ढवळू लागते, तेथे तज्ज्ञाला काहीच जाणवत नाही.

म्हणून, एकच पद्धत परवडणार असेल तर मी प्रत्यक्ष चाचणीच निवडेन. हेडसेट घातलेली व्यक्ती आभासी बटण दाबू पाहते, हात बटणाच्या आरपार जातो, ती अर्धे पाऊल मागे सरकते, कोपर उचलून पुन्हा प्रयत्न करते आणि तिसऱ्या खेपेला बटण दबले की ‘जमलं’ म्हणते. तिला विचारले तर ‘सोपं आहे’ असे उत्तर मिळेल. अंतराचा अंदाज दोनदा चुकला हे मात्र बाहेरून पाहणाऱ्यालाच कळते. त्यामुळे हेडसेटमधील दृश्याचे रेकॉर्डिंग आणि खोलीतील कॅमेऱ्याचे चित्रण ही दोन्ही एकाच वेळी घ्यावीत आणि शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, कारण त्यांतील एकट्याने अर्धीच गोष्ट कळते. मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगण्याची रीत येथेही चालते, पण बोलण्यामुळे कामाचा वेग बदलतो, म्हणून वेळ मोजायची असेल तेव्हा ती टाळावी.

पाच जणांत सुमारे 85 टक्के दोष सापडतात, हे नील्सन यांचे सुप्रसिद्ध गणित आहे. एक व्यक्ती सरासरी 31 टक्के दोष उघड करते, या गृहीतकावर ते उभे आहे. व्हीआरमध्ये उंची, चष्मा, हेडसेटचा पूर्वानुभव, बसून वापरणे की उभे राहून, अशा कितीतरी गोष्टींनी अनुभव बदलतो, तेव्हा या आकड्यावर विसंबून राहू नये.

प्रश्नावलीने ‘किती’ हे कळते, ‘का’ हे कळत नाही. जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये तयार केलेल्या, वापरसुलभता मोजणाऱ्या एसयूएस (सिस्टम युजेबिलिटी स्केल) प्रश्नावलीत 10 विधाने असतात. तिचे गुण 0 ते 100 मध्ये येतात, पण ते टक्के नव्हेत. सरासरी 68 च्या आसपास धरली जाते. दोन आवृत्त्यांत डावी-उजवी ठरवायला ती उत्तम आहे, मात्र मळमळीबद्दल ती एक शब्दही विचारत नाही. त्यासाठी केनेडी आणि सहकाऱ्यांची 1993 मधील एसएसक्यू (सिम्युलेटर सिकनेस क्वेश्चनेअर) ही 16 लक्षणांची प्रश्नावली आहे. मूळची ती वैमानिकांच्या सिम्युलेटरसाठी बनलेली असली तरी व्हीआरमध्ये ती आजही सर्रास वापरात आहे. ती सत्राच्या आधी आणि नंतर अशी दोनदा भरून घेतली तर फरक दिसतो. पण आधीच लक्षणांची यादी वाचलेला माणूस ती स्वतःत शोधू लागण्याची शक्यता असते, हेही ध्यानात घ्यावे. फोन किंवा टॅबलेट हातात धरून वापरायच्या एआरसाठी 2014 मधील हारुस ही 16 विधानांची प्रश्नावली घ्यावी. समजायला सोपे आणि हाताळायला सोपे या दोन बाजू ती वेगळ्या मोजते. हेडसेटवरच्या एआरसाठी ती बेतलेली नाही.

ॲप अजून घडत असेल तर तज्ज्ञांकडून ढोबळ चुका काढून घ्याव्यात आणि मग लगेच चाचणीकडे वळावे. दोन तयार आवृत्त्यांतून निवड करायची असेल तर चाचणीला एसयूएसची जोड द्यावी. एआरची चाचणी मात्र जेथे ते वापरले जाणार तेथेच व्हावी, कारण प्रयोगशाळेच्या स्थिर उजेडात नीट बसलेली आभासी वस्तू उन्हात फोनच्या पडद्यावर दिसेनाशी होते आणि गुळगुळीत कोऱ्या भिंतीवर जागा सोडून सरकते. व्हीआरच्या सत्रात कोणाला गरगरू लागले तर चाचणी तिथेच थांबवावी, त्या व्यक्तीला बसवून ठेवावे आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत गाडी चालवू देऊ नये.