टर्नटेबलवर क्लासिक रॉक: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सेट साधाच आहे. बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबल (पट्ट्याने फिरणारं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र), मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (सुईच्या थरथरीचा विद्युत संकेत करणारा भाग), इलिप्टिकल म्हणजे लंबगोल टोकाची सुई, वेगळा फोनो प्रीअँप (तो क्षीण संकेत वाढवून बेस सावरणारा डबा) आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. त्यावर काही महिने मुख्यतः १९६७ ते १९७६ या काळातलं रॉक वाजलं. या संगीतात सेटचा खरा कस लागतो तो रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूच्या शेवटच्या पाच मिनिटांत. बाजूचं पहिलं गाणं कुठल्याही बऱ्या मशीनवर छानच वाजतं.

रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर आवाज कोरलेली खाच सरकते, लेबलजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत बसवलेला असतो, म्हणून शेवटाकडे झांजा फाटतात आणि गायकाचा 'स' चिरकतो. त्यात रॉकवाल्यांची खोड अशी की चढत जाणारं मोठं गाणं ते नेमकं शेवटी ठेवतात. लेड झेपेलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमवर 'स्टेअरवे टू हेवन' पहिल्या बाजूला शेवटी आहे, म्हणजे सगळ्यात जास्त गदारोळ सगळ्यात अडचणीच्या जागी. द हूच्या 'हूज नेक्स्ट'चा शेवटही तसाच. उलट डीप पर्पलच्या 'मशीन हेड'वर 'स्मोक ऑन द वॉटर' दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, त्यामुळे त्यातला रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) साध्या सुईवरही ठणठणीत येतो.

यावर उपाय महागडं मशीन नाही, आधी जुळवणी. अँटी-स्केटिंग (सुई आत खेचली जाऊ नये म्हणून दिलेली उलटी ओढ) शून्यावर ठेवा आणि काउंटरवेट म्हणजे मागचं वजन फिरवून टोनआर्म, म्हणजे सुईचा हात, हवेत आडवा तरंगेल असं करा. तिथे काउंटरवेटची चकती शून्यावर आणून मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलेलं सुईच्या दाबाचं वजन लावा. मूव्हिंग मॅग्नेटला ते बहुधा १.८ ते २ ग्रॅम असतं. अँटी-स्केटिंग त्याच आकड्यावर. चकतीवरचे आकडे दरवेळी खरे नसतात, छोटा डिजिटल काटा घ्याच. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड कमी झिजेल हा समज उलटा आहे. हलकी सुई जोरदार ड्रमवर खाचेत उडते आणि तिच्या भिंती ओरबाडते. शेवटी छापील प्रोट्रॅक्टरवर (कोन मोजायच्या तक्त्यावर) सुईचा कोन तपासा. शेवटची गाणी सर्वात जास्त सुधारतात ती याच पायरीने, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात.

जोडणीत दोन गोंधळ नेहमीचे. आवाज पातळ, बारीक आणि बेस गायब असेल तर मध्ये फोनो प्रीअँपच नाही. आवाज फाटका आणि घुमा असेल तर प्रीअँप दोनदा लागलाय, एक टर्नटेबलच्या आत आणि एक अँप्लिफायरच्या फोनो इनपुटमध्ये. सतत गुणगुण येत असेल तर आधी अर्थिंगची बारीक वायर बघा. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच फळीवर ठेवू नका. आवाज वाढवला की बेसचा हादरा सुईत शिरतो आणि पुन्हा स्पीकरमधून घोंगावत बाहेर येतो.

धूळ सगळ्यात जास्त छळते ती पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'वर (१९७३). सुरुवातीचे हृदयाचे ठोके इतके हळू आहेत की एक कणही ठोक्यापेक्षा मोठा वाजतो. प्रत्येक बाजूआधी कार्बन फायबर ब्रश दोन-तीन फेरे हलका धरावा. सुई मागून पुढेच झाडावी, उलट झाडली तर तिची दांडी वाकते. जुन्या रेकॉर्डवरची टिकटिक धुऊन पुष्कळ कमी होते, पण जोरदार भागात आवाज फाटत असेल तर ती आधीच्या झिजलेल्या सुईची करणी. पाण्याने ती जात नाही, अशी प्रत घेऊ नये.

लांब धरलेला पियानोचा सूर डुलतो का, हेही ऐकून बघा. दर १.८ सेकंदांनी, म्हणजे फेऱ्यागणिक एकदा डुलत असेल तर रेकॉर्डचं भोक मध्यावर नाही. अनियमित डुलत असेल तर बेल्ट सैल झालाय.

रेकॉर्डचा आवाज 'उबदार' असतो हे मात्र फारसं पटलं नाही. फरक पडतो तो बहुतेकदा मास्टरिंगमुळे, म्हणजे आवृत्ती काढण्याआधी आवाजावर केलेल्या शेवटच्या कामामुळे. नंतरच्या काही डिजिटल आवृत्त्यांत हळू आणि मोठा आवाज दाबून एका पातळीवर आणलाय, तिथे जुनी एलपी मोकळी वाटते. जिथे तसं केलेलं नाही, तिथे डिजिटल प्रत बाजूच्या शेवटी सरळसरळ जिंकते, 'स्टेअरवे'सकट.

इलिप्टिकल सुई ५०० ते १००० तास चालते. बदलायची वेळ आधी कळते तीही शेवटच्याच गाण्यावर.